नाल्याची वाट



यंदा दिवाळीच्या सुटीनंतर नववी व दहावीच्या वर्गांतील चौतीस विद्यार्थ्यांच्या सह्या असलेला एक अर्ज आमच्या हातीं आला. अक्षर सुवाच्य होतें व मागणीहि सरळ होती. आपल्या मैदानाच्या पश्चिमेस जो ओढा आहे, त्याच्या कांठचीं झुडपें तोडून व तेथें भर घालून मैदान दहा-बारा फूट वाढवावें, म्हणजे क्रिकेटची सीमारेषा पुढें नेतां येईल, असें अर्जदारांचें म्हणणें होतें. शेवटीं असेंहि लिहिलें होतें कीं, ओढा वर्षांतून आठ महिने कोरडाच असतो, तरी त्या जागेचा कांहीं उपयोग व्हावा. अर्जावर आम्हीं "विचार करून उत्तर देऊं" एवढाच शेरा लिहिला. तें उत्तर आज या वार्षिकांतून देत आहों. अर्जदारांस न बोलावतां तें सर्वांसमोर देण्याचें कारण असें कीं, याच प्रश्नाचें उत्तर आम्हीं पूर्वीं एकदां चुकीचें दिलें होतें, आणि त्या चुकीची किंमत आम्हांस नव्हे, तर शेजाऱ्यांस द्यावी लागली.

गोष्ट मुंबईंतील आहे. मिशनच्या शाळेंत व मिशनच्याच कॉलेजांत आमचें शिक्षण झालें, आणि सन २००३ च्या जूनमध्यें आम्ही तेथील एका उपनगरांतील शाळेंत गणित व भूगोल शिकवूं लागलों. वय बावीस-तेवीस; उत्साह उदंड, अनुभव बेताचा. खेळांची व्यवस्थाहि आमच्याकडेच होती. मैदानालगत एक नाला होता. तो पुढें जाऊन मिठी नदीस मिळे. त्याची रुंदी तेथें सुमारें तीस फूट होती. पलीकडच्या कांठावर पत्र्याच्या छपरांची एक चाळ होती व तींतील वीस-बावीस मुलें आमच्याच शाळेंत येत. मैदानावर शंभर मीटरच्या शर्यतीसाठीं तीनच वाटा आंखतां येत. आम्हांस सहा हव्या होत्या. प्रत्येक वाट चार फुटांची. म्हणजे बारा फूट जागा कमी पडत होती.

सन २००४ च्या मे महिन्यांत जवळच एक जुनी इमारत पाडली जात होती. तिचा राडारोडा टाकण्यास ठेकेदारास जागा पाहिजे होती आणि आम्हांस भर पाहिजे होती. सौदा फुकटांत जमला. पंधरा दिवसांत नाल्याचा बारा फूट कांठ भरून निघाला, वर लाल माती पसरली, आणि जूनमध्यें आम्हीं सहा वाटा चुन्यानें आंखल्या. या कामीं कोणाची परवानगी घ्यावी लागते काय, हा विचारहि मनास शिवला नाहीं. उलट, शाळेच्या पैशास हात न लावतां मैदान वाढविलें म्हणून आमचें कौतुक झालें व तें आम्हांस गोड लागलें.

त्याच पावसाळ्यांत चाळींतील दोन पालक शाळेंत आले. यंदा दोन वेळां घरांत पाणी शिरलें, पूर्वीं असें होत नसे, असें ते सांगूं लागले. आम्हीं त्यांस बसावयास खुर्ची दिली, चहा दिला, म्हणणें ऐकून घेतलें आणि विसरून गेलों.

पुढें ता. २६ जुलै २००५ चा मंगळवार उजाडला. सकाळीं पाऊस साधाच होता. दुपारीं दोननंतर मात्र आभाळ जें उतरलें तें पाहून वर्गांत शिकविणें थांबलें. त्या चोवीस तासांत सांताक्रूझच्या वेधशाळेंत ९४४ मि.मी. पाऊस नोंदला गेला. त्याच अवधींत कुलाब्यास अवघा ७३ मि.मी. झाला. एकाच शहराच्या दोन टोंकांस एवढें अंतर! दुपारीं चारच्या सुमारास समुद्रास मोठी भरती होती. नाल्यांचें पाणी खाडीकडे धांवत होतें आणि खाडी तें आंत घेण्यास तयार नव्हती. आगगाड्या थांबल्या, बसगाड्या बुडाल्या. त्या आपत्तींत एकट्या मुंबईंत चारशेंहून अधिक माणसें प्राणांस मुकलीं.

आमच्या शाळेंत त्रेसष्ट मुलें अडकून पडलीं. त्यांस दुसऱ्या मजल्यावर नेऊन आम्हीं चौघां शिक्षकांनीं दारें लावून घेतलीं. पांचच्या सुमारास सातवींतील एक मुलगा खिडकीशीं उभा राहून पलीकडे टक लावून पाहत होता. त्याचें घर चाळींत होतें. घरीं आई व आजी होत्या. घराचें पत्र्याचें छप्पर तेवढें दिसत होतें. तो आम्हांस म्हणाला, "सर, आपलें मैदान तर अजून दिसतें आहे. मग पाणी आधीं आमच्याकडेच कां गेलें?"

"तुमची बाजू सखल आहे," असें आम्हीं उत्तर दिलें. तें खोटें नव्हतें. परंतु तें अर्धेंच सत्य होतें, आणि उरलेलें अर्धें आमच्या सहा वाटांखालीं पुरलेलें होतें. थोड्याच वेळानें मैदानहि बुडालें. रात्रभर मुलांस बिस्किटें व शिपाईमामांनीं स्टोव्हवर शिजविलेली खिचडी पुरवून पुरवून दिली. तो मुलगा जेवला नाहीं व निजलाहि नाहीं. आम्हीहि निजलों नाहीं.

देवाची कृपा कीं चाळींतील कोणीहि दगावलें नाहीं. माणसें शेजारच्या इमारतीच्या जिन्यांत रात्रभर उभीं होतीं. तिसऱ्या दिवशीं आम्ही तेथें गेलों. घराघरांत गुडघाभर चिखल. त्या मुलाच्या आईचें शिवणयंत्र, ज्यावर घर चालत असे, तें उताणें पडलें होतें. पुस्तकांचा लगदा झाला होता. आजी उंबऱ्यावर बसून चिखल खरवडीत होती. ती म्हणाली, "मास्तर, पंधरा वर्षें आम्ही इथें राहतों. पाणी येऊं लागलें तें गेल्या वर्षींपासून. नाल्याला वाट ठेवायची असते. नाहीं ठेवली, तर तो आपली आपण काढतो."

तिनें आमचें नांव घेतलें नाहीं. भर कोणीं घातली हें तिला ठाऊक होतें कीं नव्हतें, हें आजहि आम्हांस सांगतां येणार नाहीं.

येथें आम्हीं स्वतःस जेवढा दोष देणें योग्य आहे तेवढाच देतों. ९४४ मि.मी. पावसांत ती चाळ आमच्या भरीवांचूनहि बुडाली असती. परंतु आदल्या वर्षींच्या साध्या पावसांत जें पाणी घरांत शिरलें, तें आमच्यामुळें शिरलें. आणि त्या मंगळवारीं पाणी आधीं तिकडे गेलें, आमच्याकडे मागाहून आलें, तेंहि आमच्यामुळेंच. वर्गांत क्षेत्रफळाचीं उदाहरणें घालणाऱ्या शिक्षकानें हें एकच उदाहरण सोडविलें नव्हतें.

तें उदाहरण आतां तुम्ही सोडवून पाहा. एक हेक्टर जमिनीवर एक मि.मी. पाऊस पडला तर दहा घनमीटर, म्हणजे दहा हजार लिटर पाणी होतें. रस्त्यावर दिसणारा एक मोठा टँकर समजा. मुंबईच्या जुन्या पर्जन्यवाहिन्या तासाला २५ मि.मी. पाऊस धरून आंखलेल्या होत्या. त्यांतहि निम्में पाणी जमिनींत मुरेल व निम्मेंच वाहिनींत येईल, असा हिशेब होता. म्हणजे हेक्टरमागें ताशीं साडेबारा टँकर. सन १९८५ च्या पुरानंतर या व्यवस्थेचा अभ्यास करविण्यांत आला व त्याचा अहवाल १९९३ मध्यें तयार झाला. ब्रिमस्टोवॅड या नांवानें तो ओळखला जातो. शहरांत आतां डांबर, फरशी व काँक्रीट झाल्यामुळें पाणी मुरण्यास जागाच उरली नाहीं, तेव्हां सारें पाणी वाहून येईल असें धरावें, आणि पाऊसहि ताशीं ५० मि.मी. धरावा, असें त्यांत सुचविलें होतें. म्हणजे हेक्टरमागें ताशीं पन्नास टँकर, पूर्वींच्या चौपट! पाऊस दुप्पट धरला, मुरणें शून्य धरलें, आणि वाहिनी चौपट मोठी करावी लागली. त्या सूचनांपैकीं पुष्कळ कागदावरच असतां २००५ चा पाऊस आला. त्या दिवशीं एका तासांत सुमारें १९० मि.मी. पडला, म्हणजे हेक्टरमागें १९० टँकर. चौपट वाहिनी असती तरी ती पुरी पडली नसती, परंतु पाणी लौकर ओसरलें असतें.

आतां आमच्या नाल्याकडे या. तीस फुटांतून बारा गेले, अठरा उरले. वाहण्याची जागा दोन-पंचमांशानें कमी झाली. तळाचें घर्षण थोडें घटलें, परंतु दोन्ही कांठांचें घर्षण होतें तेवढेंच राहिलें. म्हणून वाहण्याची शक्ति त्याहूनहि किंचित् अधिक घटली. शिवाय आमचा कांठ भरीनें उंच झाला. जेव्हां एक कांठ उंच होतो, तेव्हां पाणी नाहींसें होत नाहीं. तें दुसऱ्या कांठावरून जातें. ओढ्याच्या कांठीं भिंत बांधणाऱ्या प्रत्येकानें हें वाक्य आधीं लिहून ठेवावें.

या लाजेनें आम्ही शिकूं लागलों. नाल्यांची सुधारणा कशी योजतात हें जाणत्या अभियंत्यांस विचारलें, अहवाल वाचले व सुटीच्या दिवशीं मिठीच्या कांठानें पायीं हिंडलों. त्यावरून जें समजलें तें थोडक्यांत सांगतों.

प्रथम, नाल्याचा विचार नाल्यापासून सुरू करतां येत नाहीं. ज्या टेकड्या, छपरें, रस्ते व अंगणें यांवरचें पाणी त्यांत येतें, तें सारें पाणलोट क्षेत्र नकाशावर आंखावें लागतें. दुसरें, नाला वाहतो तो त्याच्या सर्वांत अरुंद जागेच्या मापानें. सुरईचें पोट कितीहि मोठें असलें तरी पाणी मानेच्या मापानेंच बाहेर पडतें. रस्त्याखालची मोरी, पुलाची बुटकी कमान, आडवा गेलेला नळ, अचानक आलेलें वळण, हीं सारीं त्या सुरईच्या माना होत. म्हणून काम मुखापासून उगमाकडे करीत जावें, असा नियम आहे. वरचा भाग आधीं रुंद केला, तर पुराचें पाणी अधिक वेगानें खालच्या लोकांच्या दारांत नेऊन सोडल्यासारखें होतें. तिसरें, नाला जेथें समुद्रास किंवा नदीस मिळतो, तेथील पाण्याची पातळी पाहिली पाहिजे. मुखाशीं भरती असेल, तर रुंद नालाहि तुंबतो. तेथें झडपा बसवून पंपांनीं पाणी बाहेर टाकावें लागतें. चौथें, जें पाणी लगेच जाऊं शकत नाहीं, त्यास थांबण्याची जागा ठेवावी लागते. तळीं, दलदली, खारफुटी, मोकळीं मैदानें यांस आपण पडीक जागा म्हणतों. ओढ्याच्या हिशेबीं त्या त्याच्या ओसऱ्या आहेत.

मिठीचा इतिहास या चारहि गोष्टींचा धडा आहे. विहार व पवई या तलावांतून ओसंडणारें पाणी घेऊन सुमारें अठरा कि.मी. वाहत ती माहीमच्या खाडींत शिरते. सन १८४५ मध्यें माहीमचा बांधरस्ता झाला, १८६० मध्यें विहार तलाव पुरा झाला. पुढें विमानतळ वाढला तेव्हां तिला काटकोनांत वळणें घ्यावीं लागलीं व धांवपट्टीखालून जावें लागलें. वांद्रे-कुर्ला येथील दलदलींत भर घालून व्यापारी संकुल उभें राहिलें. कांठीं कारखान्यांचा गाळ व गरिबांच्या झोपड्या आल्या. यांतील प्रत्येक काम करणारास आपलें काम उपयुक्तच वाटत होतें. आम्हांसहि आपल्या सहा वाटा उपयुक्तच वाटल्या होत्या. प्रत्येकानें आपापले बारा फूट घेतले, आणि बेरीज कोणींच केली नाहीं.

सन २००५ नंतर पुष्कळ काम झालें हें सांगणें न्यायाचें होईल. चितळे समितीनें कारणांची छाननी केली. मिठीसाठीं स्वतंत्र प्राधिकरण स्थापन झालें. नदीचें पात्र रुंद व खोल करण्यांत आलें. हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह, ब्रिटानिया, गझदरबंध अशा ठिकाणीं पंपगृहें उभीं राहिलीं. हिंदमाताच्या सखल भागासाठीं जवळच्या उद्यानाखालीं व मैदानाखालीं मोठ्या टाक्या बांधल्या. भरतीच्या वेळीं पाणी तेथें सांठवावें व ओहोटीस सोडावें, अशी ती युक्ति आहे. परंतु कांठावरील हजारों झोपड्याहि हलवाव्या लागल्या. जे लोक कोठेंच जागा मिळाली नाहीं म्हणून नाल्याकांठीं राहिले, त्यांची तुलना शर्यतीच्या वाटांसाठीं नाला बुजविणारांशीं करतां येत नाहीं. योजनेच्या कागदावर आधीं त्यांच्या नव्या घरांचा आंकडा असावा व मग भिंतीच्या लांबीचा.

भिंती व काँक्रीट हाच एक मार्ग आहे असेंहि नाहीं. सिंगापुरांत बिशान-आंग मो किओ उद्यानांतून कलांग नदी २.७ कि.मी. लांबीच्या सरळ काँक्रीटच्या कालव्यांतून वाहत असे. तो कालवा मोडून तेथें ३.२ कि.मी. लांबीची वळणावळणाची, गवताळ कांठांची नदी करण्यांत आली. हें काम २०१२ मध्यें पुरें झालें. कोरड्या दिवसांत मुलें तिच्या कांठीं खेळतात. मोठा पाऊस आला कीं माणसें वर येतात व तीच हिरवळ पाण्याचें पात्र होते. मैदान आणि ओढा यांनीं एकमेकांस जागा दिली, तर दोघांचेंहि चालतें.

आमच्या नाल्याचें पुढें काय झालें तें सांगावयाचें राहिलें. मुख्याध्यापकांपुढें आम्हीं सर्व हकीकत ठेवली. ते बराच वेळ बोलले नाहींत, मग म्हणाले, "मोजून दाखवा." तेव्हां गवंडी वापरतात ती पाणी भरलेली पारदर्शक नळी आणून आम्हीं दोन्ही कांठ मोजले. नळीचें दुसरें टोंक पलीकडे त्या सातवीच्या मुलानेंच धरलें होतें. आमचा कांठ त्याच्या अंगणाहून दोन फूट नऊ इंच उंच भरला. त्यानें तो आंकडा आपल्या हातानें वहींत लिहिला व आमच्याकडे पाहिलें. त्या खिडकींतल्या प्रश्नाचें उरलेलें उत्तर आम्हीं त्यास तेथें दिलें.

सन २००६ च्या जानेवारींत भर काढली. घालतांना ती फुकट आली होती. काढतांना क्रीडानिधीची दोन वर्षांची शिल्लक खर्ची पडली. खालच्या मोरींतील दोन नळांपैकीं एक गाळानें बंद होता, तोहि महापालिकेकडे अर्ज करून मोकळा करविला. पुढच्या पावसाळ्यांत पाणी त्या उंबऱ्यापर्यंत आलें, आंत गेलें नाहीं. शिवणयंत्र मात्र त्या बाईंस परत मिळालें तें शिक्षकांनीं वर्गणी काढून घेतलेलें, जुनें. आमच्या मुलांनीं पुन्हां तीनच वाटांवर सराव केला व त्यांतून दोघे जिल्ह्याच्या सामन्यांपर्यंत गेले.

आतां आपल्या पुण्याकडे पाहूं. ता. २५ सप्टेंबर २०१९ ची रात्र तुमच्यापैकीं अनेक पालकांस आठवत असेल. कात्रजच्या बाजूस जोराचा पाऊस होऊन आंबिल ओढ्यास पूर आला. अरण्येश्वर परिसरांत भिंत कोसळली, झोपलेल्या लोकांच्या घरांत पाणी शिरलें, माणसें दगावलीं, जनावरें व वाहनें वाहून गेलीं. वर्षांतील बहुतेक दिवस त्या ओढ्याकडेहि कोणी ढुंकून पाहत नसे. ओढा आठ महिने कोरडा असतो, हें अर्जदारांचें म्हणणें खरें आहे. परंतु त्याची रुंदी त्या आठ महिन्यांसाठीं नाहीं. ती वर्षांतील, कदाचित् दहा वर्षांतील, एका रात्रीसाठीं राखलेली आहे. आपल्या ओढ्यापलीकडे कोण राहतें हें आम्हीं सांगण्याची गरज नाहीं. तेथून येणारीं मुलें याच वर्गांत तुमच्याशेजारीं बसतात, आणि त्या चौतीस सह्यांत त्यांच्यापैकीं एकाचीहि नाहीं.

तेव्हां अर्जावरील आमचा शेरा असा: नामंजूर. त्याऐवजीं आमची एक सूचना आहे. नाताळानंतर नववीच्या विद्यार्थ्यांनीं ओढ्याची रुंदी दर वीस पावलांवर मोजावी, रस्त्याखालच्या मोरीचें तोंड मोजावें व नकाशा तयार करावा. मे संपण्यापूर्वीं मोरींतील गाळ व प्लास्टिक निघावें म्हणून तो नकाशा जोडून महापालिकेस अर्ज करूं. शिवाय मैदानाची पश्चिमेकडील साठ मीटर लांब व दहा मीटर रुंद पट्टी एक फूटभर खोल करावी, असा विचार आहे. तींत सुमारें १८० घनमीटर पाणी दोन-चार तास थांबूं शकेल. पावसाळ्यांत त्या बाजूस कांहीं दिवस खेळतां येणार नाहीं, आणि सीमारेषा आहे तेथेंच राहील. पालकांस एवढीच विनंती कीं, घराची दुरुस्ती निघाल्यास तिचा राडारोडा ओढ्यांत टाकूं नये व कोणी टाकूं लागल्यास गप्प बसूं नये. आम्ही एकदां ऐकून विसरलों. आपण तसें करूं नये.

अर्जदारांनीं राग मानूं नये. मोजणीच्या दिवशीं नळीचें एक टोंक धरून आम्ही ओढ्याच्या या कांठीं उभे राहूं. दुसरें टोंक घेऊन त्यांनीं पलीकडच्या कांठीं जावें.